लग्न ठरलंय, ऑडिट डोक्यावर आलंय, आणि आम्ही दोघं फक्त याद्यांबद्दल बोलतोय

निळं_आभाळ:

नमस्कार सगळ्यांना. माझं लग्न ठरलंय, साखरपुडाही झाला, आणि तेव्हापासून कुणीतरी मला नीट बसून सांगावं असं वाटतंय की हा मधला काळ लोक नोकरी सांभाळून नक्की काढतात तरी कसा. कारण ज्याला विचारावं तो "हेच दिवस असतात गं, मजा करा" म्हणतो आणि पुढे निघून जातो.

मी औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोळी बाहेर जायच्या आधी तिच्यात औषध लिहिलंय तेवढं भरतंय का, ते किती वेळात विरघळतं, हे तपासायचं आमचं काम. सकाळी मोबाईल फेज, म्हणजे मशीनमधून वाहणारं द्रावण, करायची, कॉलम (ज्या नळीतून ते जातं ती) स्थिर व्हायची वाट बघायची, बेसलाइन, म्हणजे स्क्रीनवरची मूळ रेघ, सरळ आली की स्टँडर्डची (प्रमाण माहीत असलेल्या नमुन्याची) इंजेक्शनं, ती एकमेकांशी जुळली तरच सॅम्पल लावायचं. आणि दुपारी चारला सिस्टिम सुटेबिलिटी, म्हणजे मशीन नीट मोजतंय का याची चाचणी, फेल झाली की कारण शोधा, लिहा, सही घ्या, परत पहिल्यापासून. सगळं त्या त्या वेळीच लिहायचं, संध्याकाळी आठवून लिहिलेलं अजिबात चालत नाही. मला हे काम मनापासून आवडतं हे आधीच सांगते, म्हणजे "सोडून दे" असा सल्ला कुणी देऊ नका.

आत मोबाईल नेता येत नाही. अंगठीसुद्धा लॉकरमध्येच राहते, कारण दागिना चालत नाही आणि खड्याने ग्लोव्ह फाटतो ते वेगळंच. ड्युटी संपली की मी आधी अंगठी बोटात घालते आणि मग फोन बघते. हाताला अजून सॅनिटायझरचा वास असतो, बोट जरा ओलसर असल्यामुळे अंगठी मधल्या पेरावर थोडी अडते, मग सरकते. दिवसभरात तेवढाच एक क्षण मला खरंच वाटतं की हो, माझं लग्न ठरलंय. बाकी सगळा दिवस ते एक काम असतं, फोनमध्ये साठलेलं.

तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, दुसऱ्या शहरात. त्याचा ऑन-कॉलचा (कधीही कामाला हजर राहायचा) आठवडा असला की रात्री कधी अलर्ट येईल काही भरवसा नाही. रात्री जेवणं झाली की आम्ही बोलतो. पहिले काही आठवडे काय बोलायचो ते आता आठवलं तरी छान वाटतं, तो लहानपणी कुठल्या झाडावरून पडला होता, मला अंधाऱ्या जिन्याची भीती का वाटते, असलं सगळं. आता फोन उचलला की "हॉलवाल्यांना फोन झाला का", "तुझ्याकडची यादी फायनल झाली का", "तुझ्या काकांना कुणी सांगायचं", आणि दोघंही दमलेलो असतो म्हणून त्यातल्याच कशावरून तरी आवाज चढतो. परवा फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याच्या बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि ते मला त्याच्या बहिणीकडून कळलंय. त्याने लपवलं नव्हतं, त्याला सांगायला जागाच मिळाली नव्हती.

तर मला विचारायचंय ते हे. एक म्हणजे हे बोलणं तुम्ही कसं टिकवलंत. दुसरं, लग्नाआधी दोघांनी बसून कोणत्या गोष्टी खरंच बोलून घ्याव्यात, कारण आत्ता आम्ही पाहुण्यांच्या राहण्याबद्दल जितकं बोललोय तितकं आमच्या राहण्याबद्दल बोललेलो नाही. आणि तिसरं कामाचं. माझ्याकडे स्टॅबिलिटीची सॅम्पल्स आहेत, म्हणजे औषध किती टिकतं ते बघायला ठराविक तापमानाच्या चेंबरमध्ये ठेवलेली, चेंबरमधून बाहेर काढायच्या त्यांच्या तारखा ठरलेल्या असतात आणि त्यातली एक अगदी लग्नाच्या आठवड्यात येतेय. मॅनेजरना अजून सांगितलेलं नाही. त्यात ऑडिट. कुणी या सगळ्यातून गेलं असेल तर लिहा प्लीज, मोठं लिहिलंत तरी सगळं वाचेन.

रातराणी_७:

अभिनंदन गं! तुझं वाचून अगदी माझेच ते दिवस आठवले. आमचंही असंच झालं होतं, मी बँकेत आणि हा साइटवर, रात्री फोन म्हणजे नुसती मीटिंग.

आम्ही एक केलं आणि त्याने खरंच फरक पडला. लग्नाच्या कामांचं बोलणं फोनवर बंद. पूर्ण बंद. त्यासाठी एक शेअर केलेली शीट बनवली, त्यात काम, कुणाकडे आहे, कधीपर्यंत, आणि शेवटचा रकाना "अडलंय का". ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा त्याने ती भरायची. आणि रविवारी सकाळी एक तास फक्त त्या शीटवर बोलायचं, तेव्हा प्रेमाचं काही बोलायचं नाही, भराभर निर्णय घ्यायचे आणि उठायचं. बाकीच्या रात्री मोकळ्या. सुरुवातीला दोन-तीन वेळा फोनवर शांतताच पसरली, कारण कामाशिवाय बोलायची सवयच गेली होती. त्या शांततेला घाबरू नकोस. थोडा वेळ जाऊ दिला की कुणीतरी काहीतरी बोलतंच, आणि मग गाडी रुळावर येते.

आणि हो, घरच्यांनाही हे सांगायला लागतं. नाहीतर तुम्ही दोघं शीटवर आणि दोन्हीकडच्या आया रोज फोनवर, मग त्यांचे निरोप तुमच्याच बोलण्यात घुसतात. माझ्या सासूबाईंना शीट वगैरे जमणारं नव्हतं, पण नणंदेने त्यांच्या वतीने भरायची जबाबदारी घेतली आणि प्रश्न सुटला.

कोरा_कागद:

रातराणीताई, शीट पटली पण "पूर्ण बंद" हे मला नाही पटत. माझंही लग्न ठरलंय, आणि मला वाटतं लग्नाची तयारी हीसुद्धा आमची पहिली एकत्र केलेली गोष्ट आहे. तिच्यातूनच मला कळलं की माझी होणारी बायको कुणाला नाही म्हणू शकत नाही आणि नंतर एकटीच त्रास करून घेते. हे शीटवर कळलं नसतं, ते फोनवरच्या भांडणातच कळलं. त्यामुळे निळं_आभाळ, आवाज चढला म्हणून ते बोलणं वाया गेलं असं समजू नका. फक्त रात्री अकरानंतर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही हा नियम करा. मोठ्या माणसाला किमान ७ तास झोप लागतेच, आणि ती नसली की यादीतलं एक नावसुद्धा अपमान वाटायला लागतं. ऑन-कॉलच्या आठवड्यात तर त्याला काही विचारूच नका, नुसतं जेवलास का एवढंच विचारा.

डॉ_पाऊलवाट:

अभिनंदन. मी डॉक्टर आहे आणि लग्न ठरलेल्या प्रत्येक जोडप्याने काय बोलावं याबद्दल माझं एक ठाम मत आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दोघांनी थॅलेसेमियाची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करून घ्या. साधी रक्ततपासणी असते, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि त्याबरोबर हिमोग्लोबिन ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार). हे प्रमाण ३.५ टक्क्यांच्या वर आलं तर बहुतेक वेळा तो माणूस थॅलेसेमियाचा वाहक असतो. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, फार तर हिमोग्लोबिन किंचित कमी, त्यामुळे आयुष्यभर पत्ताच लागत नाही. प्रश्न येतो तो दोघंही वाहक असले तर. मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर (आजाराचा गंभीर प्रकार) व्हायची शक्यता २५ टक्के, आणि अशा मुलाला बहुतेक वेळा जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवत राहावं लागतं. मी अशी मुलं आणि त्यांचे आईबाप जवळून बघितलेत, म्हणून हे इतकं कळवळून सांगतोय. सायप्रस आणि इराणमध्ये लग्नाआधी ही तपासणी बंधनकारक केली आणि तिथे अशा मुलांचे जन्म खूप कमी झाले. आणि दोघं वाहक निघालात म्हणजे लग्न मोडायचं असा याचा अर्थ अजिबात नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच बाळाची तपासणी करता येते, जेनेटिक काउन्सेलरशी बोलून पर्याय समजून घेता येतात. फक्त ते आधी माहीत असायला हवं. एक बारीक गोष्ट, शरीरात लोह कमी असेल तर ए-टू खोटं कमी दिसू शकतं, म्हणून रिपोर्ट डॉक्टरला दाखवा, स्वतः वाचून फाइलमध्ये ठेवू नका.

बाकी रक्तगट माहीत करून घ्या. मुलगी आरएच निगेटिव्ह (रक्तगटापुढे उणे चिन्ह) आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तर घाबरायचं काही नाही, पण गरोदरपणात साधारण २८व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं, म्हणजे आईचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध जात नाही. एचआयव्ही आणि हेपेटायटिस बी दोघांचं करा, यात संशयाचा प्रश्न नाही, हे एकमेकांबद्दलच्या काळजीतूनच करायचं असतं. हेपेटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर तिचे डोस ०, १ आणि ६ महिने असे असतात, म्हणजे आत्ता सुरू केली तर बरं. रुबेला लस राहिली असेल तर ती घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची असते, म्हणून तीही लग्नाच्या बऱ्याच आधी उरकलेली चांगली.

आणि ताई, तुम्ही लॅबमध्ये सॉल्व्हंट हाताळता. पुढे कधी बाळाचा विचार कराल तेव्हा कंपनीच्या सेफ्टीवाल्यांना आधी विचारा की तुमच्या हातून कोणती द्रव्यं जातात, विशेषतः हार्मोन किंवा कॅन्सरच्या औषधांचं काम असेल तर.

चिंचेची_सावली:

डॉक्टरांनी शरीराचं सांगितलं, मी पैशाचं सांगते, कारण माझ्या ओळखीत मी सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच बघितलीत, आणि तीही पैसे कमी असल्यामुळे नाही, माहीत नसल्यामुळे.

एक दिवस ठरवा आणि दोघांनी आपापले कर्जाचे कागद समोर ठेवा. सगळे. घराचं, शिक्षणाचं, क्रेडिट कार्डाचं, मित्राकडून घेतलेलं. यात लाजायचं काही नाही. मोठं कर्ज म्हणजे काय हे आकड्यात बघितल्याशिवाय कळत नाही. ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर शेवटपर्यंत मुद्दलाच्या जवळजवळ २.१६ पट परत केलेले असतात. आणि कार्डाची थकबाकी महिन्याला ३ टक्क्यांनी वाढत असेल आणि काहीच भरलं नाही तर २४ महिन्यांत दुप्पट होते. म्हणून कुणाचं कार्ड थकलेलं असेल तर समारंभाच्या खर्चाआधी ते फेडा असं माझं स्पष्ट मत. लग्नासाठी नवीन कर्ज काढू नका हेही.

मग घरखर्च. अर्धा-अर्धा म्हटलं की न्याय्य वाटतं, पण एकाचा पगार दुसऱ्याच्या दीडपट असेल तर कमी पगारवाल्याच्या हातात काही उरतच नाही. पगाराच्या प्रमाणात ठेवा, ३ ला २ असेल तर खर्च ६० आणि ४० टक्के. आणि प्रत्येकाचे थोडे पैसे असे असू देत की ज्यांचा हिशोब कुणी विचारणार नाही.

आणि हे मात्र आवर्जून, कारण मुली हे बोलायला कचरतात. तू आईवडिलांना दर महिन्याला काही देत असशील तर लग्नानंतरही देणार आहेस हे आत्ताच, स्पष्ट शब्दांत सांग. त्यानेही त्याच्या घरचं सांगावं. माझ्या धाकट्या बहिणीने हे सांगायचं राहू दिलं होतं, पुढे कितीतरी दिवस ती पैसे पाठवताना चोरी केल्यासारखी वागायची. नवरा चांगला होता, त्याने कधी अडवलं नसतं. नुसतं बोललं गेलं नव्हतं.

नोकरीत आणि विम्यात नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे तेही बघून ठेव. बहुतेकांचं आईचं किंवा बाबांचं असतं आणि लग्नानंतर ते बघायचं राहूनच जातं.

बेसलाइन_ड्रिफ्ट:

मी पण क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) वाला, म्हणून फक्त तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मॅनेजरना उद्याच सांगा. स्टॅबिलिटीच्या प्रोटोकॉलमध्ये सॅम्पल काढायची तारीख आणि तिच्या मागेपुढे किती दिवस चालतात ते लिहिलेलं असतं, ते आधी उघडून बघा. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेतलं ६ महिन्यांचं सॅम्पल असेल तर ते चुकवून कुणीच चालवून घेणार नाही, नंतर डेव्हिएशन, म्हणजे ठरलेलं का चुकलं याची नोंद, लिहीत बसावं लागेल. पण ते सॅम्पल तुम्हीच काढायला हवं असं कुठेही लिहिलेलं नसतं.

खरी अडचण वेगळी असते. तुमच्या जागी जो चालवणार तो त्या मेथडवर (तपासणीच्या पद्धतीवर) क्वालिफाय झालेला हवा, आणि ते एका दिवसात होत नाही. ट्रेनिंग, मग त्याने स्वतंत्र केलेलं अ‍ॅनालिसिस, मग निकालांची तुलना, मग क्यूएची (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स विभागाची) सही. ऑडिट तोंडावर असताना क्यूएकडे कागद पडून राहतो. म्हणून आत्ताच एका सहकाऱ्याचं नाव सुचवा आणि सुरू करा. मॅनेजरकडे जाताना तारीख, सॅम्पलची यादी आणि पर्यायी माणसाचं नाव एका पानावर घेऊन जा. रजा मागायला आलेल्या माणसाकडे ते पान असलं की बोलणं पाच मिनिटांत संपतं, हे मी दोन्ही बाजूंनी बसून बघितलंय.

निळं_आभाळ:

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. एकेक वाचतेय.

@बेसलाइन_ड्रिफ्ट, तुमचं वाचून आज सकाळी प्रोटोकॉल उघडला. मागेपुढे चालणारे दिवस आहेत, पण माझी रजा त्याहून मोठी आहे, त्यामुळे माणूस तयार करावाच लागणार. माझ्या शेजारच्या बेंचवरच्या मुलीला विचारलं तर तीच खूश झाली, तिला ती मेथड शिकायचीच होती. पान लिहायला घेतलंय.

@चिंचेची_सावली, आईबाबांचं वाचताना डोळ्यात पाणी आलं. मी देते, आणि हे त्याला माहीत आहे असं मी धरून चालले होते. आज रात्री तेच बोलणार आहे.

@कोरा_कागद आणि रातराणीताई, मला दोघांचंही थोडं थोडं पटतंय. शीट करू, रविवारचा तासही ठेवू, पण त्याला एखादी गोष्ट तातडीने सांगावीशी वाटली तर "हे रविवारी" असं मी म्हणणार नाही.

अजून एक. नाव बदलायचं की नाही यावर दोन्ही घरांत चर्चा चालू आहे. त्याचं म्हणणं तुला हवं ते कर. मला माझं आहे तेच ठेवायचंय, पण त्याचं कारण नीट मांडता येत नाहीये. इकडे तर नाव बदललं की सहीच्या रजिस्टरपासून सगळ्या लॉगइनपर्यंत नवीन कागद.

शाई_आणि_टीप:

मांडायचं कशाला, "मला माझं नाव ठेवायचंय" हेच पूर्ण कारण आहे. पण व्यवहाराचं हवं असेल तर देते. मी संशोधनात आहे, माझे जुने पेपर एका नावावर आणि पुढचे दुसऱ्या नावावर गेले असते तर ते एकाच बाईचे आहेत हे कुणाला कळणार. त्यासाठीच २०१२ पासून ओआरसीआयडी नावाचा १६ आकडी क्रमांक मिळतो, तो नाव बदललं तरी तुमच्याबरोबर राहतो. तुझं पुढे काही प्रसिद्ध व्हायचं असेल तर आत्ताच काढून ठेव, फुकट आहे. आणि नाव बदलायचंच ठरलं तरी लग्नानंतर लगेच परदेशी फिरायला जाणार असाल तर तिकीट पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने काढायचं. उत्साहात नव्या नावाने तिकीट काढून विमानतळावर अडकलेली माणसं माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आणि घरकामाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांचा १९७९चा अभ्यास आहे, त्यात नवराबायकोला वेगवेगळं विचारलं की घरातल्या अमुक कामाचा किती भाग तुम्ही करता. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक जोडप्यांत पूर्ण भागापेक्षा जास्त आली. म्हणजे स्वतः केलेलं काम माणसाला आठवतं, समोरच्याने केलेलं दिसतच नाही. त्यात कुणी खोटारडा नसतो. तुम्हा दोघांच्या नोकऱ्या अशा की एकमेकांना दिवसभर बघणारच नाही, म्हणून कोण काय करतो ते तोंडाने सांगायची सवय लावा. "आज गॅस सिलिंडर मी बोलावला" इतकं साधंसुद्धा. ते ऐकून समोरच्याने नुसतं "बरं झालं" म्हटलं तरी पुरतं.

निळं_आभाळ:

थोडी अपडेट. मॅनेजरनी रजा मंजूर केली, ते पान बघून त्यांनी फक्त एक विचारलं की क्यूएकडे कागद कधी जाणार. शेजारच्या बेंचवालीचं ट्रेनिंग सुरू झालंय.

काल आईबाबांना पैसे पाठवण्याचं बोलले. तो गप्प झाला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, मग म्हणाला की त्याच्या बाबांच्या ऑपरेशनचा खर्च तोच करणार आहे आणि हे मला कसं सांगावं या विचारात तो होता. मग आम्ही ऑपरेशनबद्दल बोललो, बाबा आजकाल वर्तमानपत्र किती लांब धरून वाचतात ते त्याने सांगितलं, आणि बऱ्याच दिवसांनी यादीतलं एकही नाव न येता फोन ठेवला. ऑपरेशनच्या दिवशी मी एक दिवस जाऊन येणार आहे. रजेच्या हिशोबात तो दिवस मी आधीच धरला होता, त्याला माहीत नव्हतं.

@डॉ_पाऊलवाट, त्याच वेळी दोघांची थॅलेसेमियाची तपासणी करून घ्यावी म्हणतोय. उपाशीपोटी जावं लागतं का? आणि दोघांची एकदम करायची की आधी एकाची?

डॉ_पाऊलवाट:

उपाशी राहायची गरज नाही. आधी एकाची करून ती नॉर्मल आली तर दुसऱ्याचं थांबवणारे लोक आहेत, पण तुम्ही एका गावात क्वचित भेटता, त्यामुळे दोघांची एकदमच करा. गेल्या काही महिन्यांत कुणाला रक्त चढवलेलं असेल किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर सॅम्पल देताना फॉर्मवर लिहा. आणि बाबांच्या ऑपरेशनला शुभेच्छा, नंतरचे डोळ्याचे ड्रॉप्स वेळच्या वेळी जातायत ना एवढं बघा.